पंचवीस मिनिटांची मास्तरकी

चीनमध्ये घड्याळ एकच आहे. शांघायपासून काश्गरपर्यंत देश इतका रुंद, की सूर्याच्या हिशेबाने तिथे पाच प्रमाणवेळा लागल्या असत्या. एकेकाळी तशा त्या होत्याही. १९४९ नंतर मात्र सगळा देश बीजिंगच्या वेळेवर चालू लागला. काश्गरला हिवाळ्यात उजाडायलाच सकाळचे दहा वाजतात, पण सरकारी वेळ बीजिंगचीच. याचा एक साधा परिणाम असा, की चीनच्या बहुतेक मोठ्या शहरांतली मुलं साधारण एकाच वेळी शाळेतून घरी येतात, एकाच वेळी जेवतात आणि संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत शिकवणीला मोकळी होतात.

बीजिंगला संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा हिवाळ्यात ओहायो राज्यात पहाटेचे पाच वाजलेले असतात, शिकागोत चार, कॅलिफोर्नियात रात्रीचे दोन आणि हवाई बेटांवर ऐन मध्यरात्र. २०१५ ते २०२१ या काळात अमेरिकेतले हजारो लोक या हिशेबाने गजर लावून झोपत होते. त्यांत शाळेतल्या शिक्षिका होत्या, लहान मुलांमुळे घरी अडकलेल्या आया होत्या, दर दोन-तीन वर्षांनी बदलीचं बिऱ्हाड पाठीवर घेणाऱ्या सैनिकांच्या बायका होत्या, निवृत्त मंडळीही होती. घर झोपेत असताना हे लोक उठायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि रात्रीच्या पायजम्यावरच नारिंगी टी-शर्ट चढवून लॅपटॉपसमोर बसायचे. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचंच दिसतं. पडद्यावर चीनमधलं सहा-सात वर्षांचं एखादं मूल यायचं आणि त्याला इंग्रजी शिकवायचं. वर्ग २५ मिनिटांचा.

‘घरबसल्या परदेशातल्या मुलांना शिकवा, डॉलरमध्ये कमवा’ अशा जाहिराती आता आपल्याही मोबाइलवर येतात. त्या वाचण्याआधी हा अमेरिका-चीनचा व्यवहार कसा उभा राहिला, आतून कसा चालायचा आणि एका सरकारी कागदाने कसा आडवा झाला, हे समजून घेण्यासारखं आहे. जोडउत्पन्नाच्या या प्रकारात शिकवणं ही एक बाजू. वेळ कुणाच्या घड्याळाची, ही दुसरी. आणि पैशाचा निकाल बहुतेकदा दुसऱ्या बाजूनेच लागतो.

गरज कुणाची होती?

चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २००१ साली इंग्रजी हा विषय प्राथमिक शाळेत तिसरीपासून सुरू करायचं ठरवलं. आपल्याकडे साधारण याच सुमारास, जून २००० पासून, महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा शिक्षणमंत्री असलेल्या रामकृष्ण मोरे यांच्या त्या निर्णयावर किती वादंग झाला, ते अनेकांना आठवत असेल. दोन्हीकडची अडचण सारखीच होती. पुस्तकं छापता येतात, पण प्रत्येक वर्गात इंग्रजी बोलणारा शिक्षक कुठून आणायचा?

चीनमध्ये या अडचणीला परीक्षेची धार होती. विद्यापीठ प्रवेशाची ‘गाओकाओ’ ही परीक्षा बहुतेक प्रांतांत ७५० गुणांची असते आणि त्यांतले १५० गुण इंग्रजीचे. शिवाय १९८० च्या सुमारास आलेलं ‘एकच मूल’ धोरण २०१५ च्या अखेरीपर्यंत टिकलं. म्हणजे एका मुलामागे दोन आईवडील आणि चार आजी-आजोबा. सहा मोठ्या माणसांची बचत आणि सहा जणांची काळजी एकाच दप्तरात. मोठ्या शहरांत परदेशी शिक्षकाची समोरासमोर शिकवणी मिळायची, पण ती महाग, आणि लहान शहरांत तर मिळायचीच नाही.

शाळा अर्धवट सोडून वयाच्या सतराव्या वर्षापासून इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या मी वेनजुआन या बाईंनी ही फट हेरली. सिंडी मी या नावाने त्या जास्त ओळखल्या जातात. २०१३ साली त्यांनी बीजिंगमध्ये ‘व्हीआयपीकिड’ ही कंपनी काढली. शिक्षक चीनमध्ये आणायचा नाही, तो अमेरिकेत त्याच्या घरीच ठेवायचा आणि एका मुलाशी त्याची गाठ पडद्यावर घालून द्यायची, ही त्यातली कल्पना. व्हिसा नको, विमानाचं तिकीट नको, राहायची सोय नको. २०१८ च्या जूनमध्ये या कंपनीत ५० कोटी डॉलरची गुंतवणूक झाली, तेव्हा तिचं मूल्य ३०० कोटी डॉलरच्या वर धरलं गेलं. पुढच्या वर्षापर्यंत तिच्याकडे शिकवणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात गेली होती. पाठोपाठ ‘दादा’, ‘क्यूकिड्स’, ‘मॅजिक इअर्स’ अशा कंपन्या आल्या. टिकटॉकवाल्या बाइटडान्सनेही ‘गोगोकिड’ काढून पाहिली.

उठणाऱ्याचा हिशेब

व्हीआयपीकिडच्या जाहिरातीतला दर होता तासाला १४ ते २२ डॉलर. अट अशी, की कुठल्याही विषयाची पदवी हवी, मुलांना शिकवण्याचा थोडा अनुभव हवा, आणि अमेरिकेत किंवा कॅनडात काम करायचा हक्क हवा. प्रत्यक्षात पैसे तासाचे नव्हते, वर्गाचे होते. एका वर्गाचे साधारण सात ते अकरा डॉलर.

आता मांडून पाहू. पहाटे पाचला बसून साडेसातपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे पाच वर्ग. सरासरी नऊ डॉलर धरले तर दिवसाचे ४५. आठवड्याचे पाच दिवस, महिन्याचे चार आठवडे. म्हणजे सुमारे ९०० डॉलर. अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात एवढ्यात गाडीचा हप्ता, किराणा आणि मुलाचा डे-केअरचा काही भाग निघायचा. पण हे हातात पडणारे पैसे नव्हेत. शिकवणारा कंपनीचा नोकर नव्हता, स्वतंत्र कंत्राटदार होता. त्यामुळे नोकरीत जे कर मालक आणि कामगार अर्धे-अर्धे भरतात, ते इथे त्याने एकट्याने भरायचे. सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर मिळून १५.३ टक्के, आणि त्यावर नेहमीचा प्राप्तिकर. आरोग्य विमा नाही, भरपगारी रजा नाही. दोन वर्गांमधली पाच मिनिटं मुलाच्या प्रगतीचा शेरा लिहिण्यात जायची, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि पाचही वर्ग रोज भरतीलच, याची हमी कुणी देत नव्हतं. आपल्या मोकळ्या वेळा मांडून ठेवायच्या. कुणी नोंदवल्या तर वर्ग, नाहीतर झोपमोड फुकट.

तरीही माणसं का उठत होती? याचं उत्तर अमेरिकेतल्या शाळांत मिळतं. २०१८ च्या वसंतात वेस्ट व्हर्जिनियाचे शिक्षक नऊ दिवस संपावर गेले आणि पाच टक्के वाढ घेऊन परतले. मग ओक्लाहोमा, मग ॲरिझोना. ओक्लाहोमात तर शिक्षकांना जवळपास दहा वर्षांत राज्याकडून पगारवाढ मिळालेली नव्हती. दिवसा शाळा, रात्री दुकानात हिशेबाला, सुट्टीत भाड्याची गाडी चालवणं, असं करणाऱ्या शिक्षकाला घरातून न हलता आपल्याच धंद्यातलं दुसरं काम मिळालं. शिवाय आठ वाजता स्वतःच्या वर्गात हजर राहायला तो मोकळा. चीनची संध्याकाळ आणि अमेरिकेच्या पूर्व भागातली पहाट एकमेकांत इतकी नेमकी बसली, की ही कंपनी म्हणजे एका अर्थाने वेळेतल्या फरकाचा दलाल होती.

मार्चमध्ये अमेरिका घड्याळं एक तास पुढे करते. चीन करत नाही. १९८६ ते १९९१ अशी सहा वर्षं करून त्यांनी तो नाद सोडला. त्यामुळे मार्चच्या त्या रविवारनंतर पहाटे पाचचा वर्ग एकदम सहाचा व्हायचा. इतरांची तासभर झोप जायची, त्या दिवशी या लोकांना ती परत मिळायची.

वर्गाच्या आत

आता एक वर्ग जवळून पाहू. पडद्याच्या मोठ्या भागात धड्याचं पान असतं, कंपनीने तयार केलेलं. शिक्षकाने काही बनवायचं नाही. कडेला दोन चौकटी, एकीत शिक्षक, दुसरीत मूल. टॅब्लेट बहुधा कशाला तरी टेकवलेला असतो, त्यामुळे मुलाचं कपाळ आणि छताचा दिवा एवढंच आधी दिसतं. चौकटीच्या कडेने आजीचा हात आत येतो, त्यात फळाची फोड असते. मूल ती तोंडात घालतं आणि तोंड भरलेलं असतानाच ‘हॅलो टीचर’ म्हणतं.

शिक्षकाला चिनी येत नाही. मुलाला इंग्रजी येत नाही. मग बोलणं होतं कसं? हातांनी. ‘ऐक’ म्हणताना हाताची वाटी कानामागे, ‘तू बोल’ म्हणताना तळवा मुलाकडे, ‘छान’ म्हणताना दोन्ही अंगठे वर. या पद्धतीला ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ म्हणतात, शिक्षकांच्या तोंडी नुसतं ‘टीपीआर’. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ती १९६० च्या दशकात मांडली. त्याचं म्हणणं असं, की बाळ बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी ऐकलेलं करून दाखवतं. ‘टाटा कर’ म्हटलं की हात हलवतं, ‘नाक कुठंय’ विचारलं की बोट नाकावर नेतं. शब्दाला आधी अंग फुटतं, मग तोंड. आपल्या अंगणवाडीतली हातवाऱ्यांची बडबडगीतं याच वाटेने जातात.

दुसरी गोष्ट, उत्तर एका शब्दावर सोडायचं नाही. चित्रात चेंडू आहे, मूल ‘बॉल’ म्हणालं. शिक्षक मान डोलावतो आणि ‘इट्स अ बॉल’ म्हणून बोटांवर तीन शब्द मोजून दाखवतो. मूल तसं म्हणालं की खालचा लाल चेंडू उचलून ‘इट्स अ रेड बॉल’. म्हणजे आज जेवढं येतं त्याच्या एक पायरी वर. भाषा शिकण्याचा अभ्यास करणारे स्टीफन क्रॅशन यांनी हीच कल्पना मांडली आहे, की कळणाऱ्या भाषेत किंचित न कळणारं मिसळलं की शिकणं होतं. सगळंच कळत असेल तर कंटाळा, काहीच कळत नसेल तर रडू.

तिसरी गोष्ट उच्चारांची. मँडरिन चिनीत शब्दावयव संपतो तो स्वराने, नाहीतर ‘न’ किंवा ‘ङ’सारख्या अनुनासिकाने. शेवटी ‘ग’, ‘ट’, ‘ड’ असा पाय मोडलेला आवाज तिथे नसतो. त्यामुळे चिनी मूल ‘बिग’चं ‘बिगा’ करतं आणि ‘कॅट’चा ‘ट’ गिळून टाकतं. ‘थिंक’चं ‘सिंक’ होतं, कारण तो ‘थ’ त्याच्या भाषेत नाही. शिक्षक मग तोंड कॅमेऱ्याजवळ नेतो आणि जिभेचं टोक दातांत धरून दाखवतो. खरं तर तो ‘थ’ मराठीतही नाही. आपण आपला हवेच्या झोताचा ‘थ’ तिथे बसवतो आणि तो बसलाय असं समजतो.

कॅमेऱ्याची स्वतःची एक चलाखी शिकावी लागते. मुलाच्या डोळ्यांत पाहायचं असेल तर मुलाकडे पाहून चालत नाही. पडद्यावरच्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, की तिकडे त्याला शिक्षक खाली बघत असल्यासारखा दिसतो. त्याच्या डोळ्यांत पाहायला कॅमेऱ्याच्या निर्जीव काळ्या ठिपक्यात पाहावं लागतं. म्हणून बरेच शिक्षक त्या ठिपक्याशेजारी एखादं हसरं चित्र चिकटवायचे. तांत्रिक घोटाळा झाला की कंपनीच्या ‘फायरमन’ला हाक मारायची, आग विझवणारा नव्हे, तर संगणकाच्या पलीकडून मुलाच्या आईला चिनीत सूचना देणारा मदतनीस.

पण सगळ्यांत अवघड काम गप्प बसण्याचं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या आसपास शाळांमधले तास ध्वनिमुद्रित करून एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतो? साधारण एक सेकंद. मग तो उत्तर स्वतःच देतो किंवा दुसऱ्याला विचारतो. तेच तीन सेकंद थांबलं, तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात आणि स्वतःहून प्रश्नही विचारतात. पडद्यावर ही अडचण दुप्पट. आवाज महासागरापार जाऊन यायला काही क्षण लागतात. मूल बोलायला तोंड उघडतं तोच शिक्षकाचा पुढचा शब्द त्याच्यावर येऊन आदळतो. जे टिकले ते शिक्षक पडद्याखाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, बोटांवर तीन मोजायला शिकले.

पाच सफरचंदं

वर्ग संपला की शेरा फक्त मुलाला मिळत नव्हता. पालकही शिक्षकाला गुण द्यायचे, चांदण्यांऐवजी सफरचंदांनी. पाचपैकी पाच मिळाली तर पुढच्या वेळा भरण्याची शक्यता जास्त. चार मिळाली तर शिक्षक दिवसभर डोकं खाजवत बसायचा, की झालं काय? आवाज कमी होता? हसू कमी पडलं? मूल त्या दिवशी फक्त दमलेलं होतं? उत्तर मिळायची सोय नसायची. आपल्याकडे रिक्षावाला किंवा घरी डबा आणणारा मुलगा ‘पाच स्टार द्या हं साहेब’ म्हणतो, तशीच ही गत. फरक इतकाच, की इथे मागायलाही तोंड नव्हतं.

रद्द केलेल्या वर्गांचाही हिशेब ठेवला जायचा. सहा महिन्यांच्या करारात शिक्षकाने ठरावीक वर्गांपेक्षा जास्त रद्द केले, तर करार पुढे चालू राहील याचा भरवसा नाही. पोर तापाने फणफणलेलं असलं, घरातली वीज गेली, तरी आकडा आकडाच. म्हणून बर्फाच्या वादळात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, गाडीच्या मागच्या सीटवर पांढरी चादर लावून वर्ग घेण्याचे प्रकार होत असत. वेळा आपल्या मनाने मांडायच्या, ही या कामातली मोकळीक खरीच होती. पण वेळ मांडल्यानंतर मोकळीक संपायची.

धड्याचं पान कंपनीचं, त्यामुळे त्यातलं जगही तिचंच. चीनमध्ये छापल्या जाणाऱ्या नकाशात तैवान चीनचाच भाग दाखवावा लागतो, आणि चिनी मुलांसाठीच्या धड्यात दुसरा नकाशा येणार कुठून? शिक्षकाला काय वाटतं, हा तिथे प्रश्नच नव्हता. त्याचा आवाज विकत घेतलेला होता, मत नव्हे.

कुणाचं इंग्रजी?

आता नकाशावर एक गंमत पाहा. फिलिपीन्सची राजधानी मनिला आणि बीजिंग यांचं घड्याळ अगदी एक आहे. तिथल्या शिक्षकाला चीनच्या मुलांना शिकवायला पहाटे उठावं लागत नाही. संध्याकाळी चहा घेऊन बसलं तरी चालतं. भारत चीनच्या अडीच तास मागे. म्हणजे साडेतीन ते साडेसहा, आपल्या दुपारच्या वामकुक्षीनंतरचा वेळ. घड्याळ पाहून शिक्षक निवडायचे असते तर अमेरिकेचा नंबर शेवटून पहिला लागला असता. पण मोठ्या चिनी कंपन्यांच्या जाहिरातीत चेहरा असायचा अमेरिकेचा किंवा कॅनडाचा, आणि पालक पैसे मोजायचे ते त्या उच्चारासाठी. ‘नेटिव्ह स्पीकर’ या दोन शब्दांना बाजारात रोख भाव होता.

फिलिपीन्सच्या शिक्षकांचाही बाजार होताच. २०११ साली बीजिंगमध्ये निघालेली ‘५१टॉक’ मुख्यतः त्यांच्याच जोरावर उभी राहिली आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली. त्याही आधी, २००७ पासून, ‘रेअरजॉब’ ही जपानी कंपनी फिलिपिनो तरुणांकडून जपानी लोकांना स्काइपवर इंग्रजी शिकवत होती. तिथेही वर्ग २५ मिनिटांचाच, पण शिक्षकाला मिळणारा मोबदला अमेरिकी शिक्षकाच्या मानाने फार कमी.

या इंग्रजीचा उगम पाहिला तर हा फरक आणखी बोचतो. १८९८ मध्ये फिलिपीन्स स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं. ऑगस्ट १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाचं अमेरिकी लष्करी जहाज मनिलाच्या बंदराला लागलं, आणि त्यातून उतरले सुमारे ५०० शिक्षक. जहाजाच्या नावावरून लोक त्यांना ‘थॉमसाइट्स’ म्हणू लागले. त्यांनी गावोगावी इंग्रजी शाळा चालवल्या. शंभरेक वर्षांनी त्या शाळांच्या नातवंडांनी तेच इंग्रजी तारेवरून जपानला आणि चीनला शिकवलं. दर ठरला तो मात्र पासपोर्ट पाहून.

एका शुक्रवारची बातमी

२३ जुलै २०२१ च्या शुक्रवारी न्यूयॉर्कच्या बाजारात चीनच्या मोठ्या शिकवणी कंपन्यांचे शेअर निम्म्याहून खाली आले. दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, कारण अधिकृतपणे जाहीर झालं. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीचं आणि मंत्रिमंडळाचं संयुक्त फर्मान, ज्याला चीनमध्ये ‘शुआंगजियान’ म्हणजे ‘दुहेरी कपात’ म्हणतात. मुलांवरचा गृहपाठाचा बोजा कमी करायचा आणि शाळेबाहेरच्या शिकवण्यांचाही. शालेय विषयांच्या शिकवण्या नफ्यासाठी चालवायच्या नाहीत, शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत घ्यायच्या नाहीत, ऑनलाइन वर्ग ३० मिनिटांहून मोठा नको आणि रात्री नऊनंतर तर नकोच. आणि त्यातच एक ओळ होती, की परदेशात बसलेल्या परदेशी व्यक्तींना शिकवणीसाठी नेमायचं नाही.

त्यामागचं कारण समजण्यासारखं होतं. दोनच महिन्यांपूर्वी, मे २०२१ च्या अखेरीस, चीनने जोडप्यांना तिसरं मूल होऊ द्यायला परवानगी दिली होती. पण एका मुलाच्या शिकवण्यांनीच कंबर मोडलेली असताना तिसऱ्याचा विचार कोण करणार? शिकवण्यांची शर्यत थांबवली तर खर्च उतरेल आणि पाळणे हलतील, हा सरकारचा हिशेब. शर्यत पुरती थांबली का, ते कोट्याच्या आणि लातूरच्या कहाण्या माहीत असलेल्या वाचकाला सांगायला नको. पण अमेरिकेतल्या पहाटा मात्र थांबल्या. ऑगस्टमध्ये व्हीआयपीकिडने परदेशी शिक्षकांचे नवे वर्ग चीनमध्ये विकणं बंद केलं, गोगोकिडने गाशा गुंडाळला, आणि आधी पैसे भरलेले वर्ग वर्षाअखेरपर्यंत विझत गेले. ५१टॉकने चीनमधला धंदा विकला आणि मुक्काम सिंगापूरला हलवला.

ओहायोत पहाटे पाचला उठणाऱ्या शिक्षिकेने यात काही चूक केली नव्हती. तिची सफरचंदं पाचच्या पाच होती. तिच्या उत्पन्नाचा धागा बीजिंगमधल्या एका आईच्या काळजीला बांधलेला होता, आणि ती काळजी कमी करायचं सरकारने ठरवलं होतं.

उलट्या बाजूची पहाट

हीच पहाट आपल्या बाजूनेही उगवते. २०१८ मध्ये मुंबईत ‘व्हाइटहॅट ज्युनिअर’ ही कंपनी निघाली. तिच्या शिक्षिका भारतीय, बहुतेक चूल-मूल सांभाळून काम शोधणाऱ्या सुशिक्षित स्त्रिया. विद्यार्थी भारतातले, आणि पुढे अमेरिका-ऑस्ट्रेलियातलेही. विषय कोडिंगचा, भाषा इंग्रजी. न्यूयॉर्कला संध्याकाळचे सहा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. ऑगस्ट २०२० मध्ये ‘बायजूज’ या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीने ही कंपनी ३० कोटी डॉलरला घेतली. २०२४ मध्ये बायजूजच्या मूळ कंपनीवरच दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. इथे सरकारी फर्मान नव्हतं, पण घड्याळ दुसऱ्याचंच होतं.

पैशाचा संबंध नसलेलं एक उदाहरण मात्र मुद्दाम सांगायला हवं, कारण ते आपल्या फलटणचं आहे. २००९ पासून शिक्षणतज्ज्ञ सुगत मित्रा यांच्या प्रयोगातून ब्रिटनमधल्या निवृत्त शिक्षिका आणि आज्या स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारू लागल्या. लोक त्याला ‘ग्रॅनी क्लाउड’ म्हणतात. मित्रा यांना २०१३ चं टेड पारितोषिक मिळाल्यावर ज्या मोजक्या ठिकाणी या प्रयोगाच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांत फलटण होतं. ब्रिटनमधल्या आजीची सकाळ म्हणजे इथली शाळेची दुपार. आजीने शिकवायचं असं काही नाही. गोष्ट वाचायची, विचारायचं आणि ‘अरे वा, हे तुला कसं जमलं?’ असं कौतुक करायचं. शेरा नाही, सफरचंद नाही, पैसेही नाहीत. हातवारे, हसू आणि थांबणं मात्र तेच.

उतरायचंच असेल तर

म्हणून कुणी हे काम करूच नये, असं नाही. आज चिनी कंपन्यांच्या जागी खुले बाजार आहेत, जिथे शिक्षक स्वतःचा दर स्वतः लावतो. २०१२ पासून चालणाऱ्या ‘प्रेप्ली’वर भारतीय शिक्षकही आहेत. पण तिथली पद्धत आधी माहीत हवी. नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चाचणी तासाचे सगळे पैसे कंपनी ठेवते. त्यानंतरच्या तासांवर तिची दलाली ३३ टक्क्यांपासून सुरू होते आणि शिकवलेले तास वाढत जातील तशी १८ पर्यंत उतरते. बऱ्याच ठिकाणी १२० तासांचं ‘टेफल’ प्रमाणपत्र मागतात. आणि जो काम देण्यासाठी आधी तुमच्याकडूनच नोंदणीचे पैसे मागतो, त्याच्याकडे काम नसतं. त्याचं गिऱ्हाईक तुम्हीच असता.

उरतात ते तीन साधे प्रश्न. विद्यार्थी ऐनवेळी आला नाही तर पैसे कुणाचे बुडतात? विद्यार्थ्याशी ओळख तुमची राहते की कंपनीची, म्हणजे उद्या कंपनी बंद पडली तर तो तुम्हाला सापडेल का? आणि तुमचा तास त्याच्या देशातल्या एखाद्या परीक्षेवर, फॅशनवर किंवा फतव्यावर तर उभा नाही ना? यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरं वाईट असली, तर ती कमाई वरखर्चाला वापरावी, घराच्या हप्त्याला नाही.

ओहायोतल्या त्या शिक्षिकेच्या बाजूने एकच गोष्ट उरली. कुठल्या वेळी उठायचं, ते बीजिंगच्या घड्याळाने ठरवलं. किती मिनिटं बोलायचं, ते कंपनीने. कधी थांबायचं, ते सरकारने. प्रश्न विचारल्यावर पडद्याखाली बोटांवर मोजलेले ते तीन सेकंद मात्र तिचे होते. ऑगस्टनंतर ती आठ वाजताच्या आपल्या शाळेतल्या वर्गात गेली, तेव्हा तेवढे ती सोबत घेऊन गेली असेल. मागच्या बाकावरच्या ज्या मुलाला उत्तर द्यायला तीन सेकंद लागतात, त्याला ते उपयोगी पडतात.